आधी रंग, मग झीज

जुन्या दुनळी बंदुकीचा ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कमान, बदलायचं काम आलं की माझी एक अट असते. बंदूक सगळी आणा, नुसता नवा गार्ड आणू नका. फोटोवरून रंग जुळत नाही. मालक म्हणतात, "जुना दिसला की झालं." पण किती जुना, कुठे जुना आणि कशामुळे जुना, हे बंदूक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

सध्या टेबलावर अशीच एक आहे. शंभरी ओलांडलेली, दोन नळ्या शेजारी शेजारी. मूळ गार्ड कधीतरी आपटून वाकला असावा. कोणीतरी तो सरळ करताना तडकवला आणि पितळेचा डाग देऊन जोडला. तो डाग पुन्हा सुटलाय. नवा गार्ड साध्या पोलादाचा, पांढराशुभ्र, वर कानशीच्या रेघा. आणि बाकीची बंदूक? वरचा लिव्हर, सेफ्टीचं बटण, स्क्रूंची डोकी, सगळं तपकिरी-काळं रापलेलं. हा गार्ड तसाच बसवला तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकून बसेल.

सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्ड ब्ल्यूची, म्हणजे न तापवता पोलाद काळं करणाऱ्या तयार रसायनाची बाटली आणायची, बोळ्यानं फासायचं, काळं झालं की बारीक स्टील वूलनं इथे तिथे घासायचं. अर्ध्या तासात काम खलास. पण असा गार्ड जुना दिसत नाही, नवा गार्ड मळलेला दिसतो. कारण रंगाचा थर सगळीकडे सारखाच पातळ असतो. वापरून जुन्या झालेल्या भागावर तो कधीच सारखा नसतो. कोपऱ्यात आणि नक्षीच्या खाचेत तो जसाच्या तसा टिकलेला असतो, कडेवर पार गेलेला असतो आणि मधल्या भागात या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी असतो. म्हणून मी तो भाग आधी कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखा पूर्ण काळा करते. झिजवायचं काम त्यानंतर. वेळ कितीतरी पट लागतो, पण मला दुसऱ्या कुठल्याही रस्त्यानं हे काम पटलेलं नाही.

पूर्ण काळा म्हणजे कुठल्या पद्धतीनं काळा, हे आधी ठरवावं लागतं. ब्ल्यूइंग हा एकच प्रकार नाही. सगळ्यांत मुळाशी गोष्ट तीच : लोखंडाचा काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागावर पातळ थरानं आणायचा. पण तो आणायच्या वाटा वेगळ्या आणि त्यांचं म्हातारपणही वेगळं. दुनळीच्या नळ्या आणि फर्निचर, म्हणजे गार्डसारखे धातूचे जोडभाग, पुष्कळदा रस्ट ब्ल्यू केलेले असतात. म्हणजे मुद्दाम गंजवायचं, उकळायचं, खरवडायचं आणि पुन्हा गंजवायचं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रिव्हॉल्व्हरवर जो खोल, ओलसर भासणारा निळा-काळा दिसतो, तो गॅसच्या भट्टीत हाडांचा कोळसा आणि कार्बोनिया तेल घालून केलेला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बहुतेक कारखान्यांनी धरलेली वाट म्हणजे हॉट सॉल्ट. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण, साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि भाग त्यात बुडवून ठेवायचा. स्वस्त, झटपट, एकसारखं.

हा हॉट सॉल्ट जुन्या दुनळीला मात्र कधीही करू नये. दोन नळ्या आणि मधली पट्टी शिसं-कथलाच्या डागानं जोडलेली असते. गरम कॉस्टिक तो डाग खाऊन टाकतं. शिवाय पट्टीखालच्या पोकळीत मीठ अडकतं ते निराळंच. वरून बंदूक चकचकीत आणि आतून महिनोन्महिने गंजत राहते. "नळ्या पण एकदम नव्या करून द्या" म्हणून जे आग्रह धरतात त्यांना मी हे एवढंच सांगते, आणि बहुतेकांचा आग्रह तिथेच संपतो.

मूळ पद्धत ओळखायची तर झीज जिथे पोचत नाही तिथे बघायचं. गार्डची लांब शेपटी लाकडात बसते. तिच्या खालची बाजू, लाकडाच्या रेषेखालची कड, स्क्रूच्या डोक्याखालची गोल खाच. या गार्डचा स्क्रू काढला तर खाली कुंकवाच्या टिकलीएवढ्या जागेत मूळ रंग जसाच्या तसा सापडला : राखाडीकडे झुकणारा काळा, मऊ, अजिबात आरशासारखा नाही. रस्ट ब्ल्यूच. तिथून दोन मिलिमीटर बाहेर सरकलं की तोच रंग पिकल्या जांभळासारखा. त्याच्याही बाहेर, तळवा जिथे टेकतो तिथे, सरळ तपकिरी.

रंग बघायचा तो दिवसाउजेडी, खिडकीशी, थेट ऊन नसताना. एलईडीच्या दिव्याखाली जांभळा आणि तपकिरी यांतला फरकच मरतो. डोळ्यावर किती भरवसा ठेवावा यावर बंदुकांच्याच इतिहासात एक महागडा धडा आहे. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग, सुरुवातीला भट्टीतल्या कामगारांच्या नजरेवर तापवले जात. लोखंडाचा रंग बघून तापमान ठरवायचं. ऊन पडलेल्या दिवशी तेच तापलेलं लोखंड फिकं दिसायचं, मग ते आणखी तापवलं जायचं. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटले तेव्हा चौकशी झाली, मोजायचं उपकरण आलं, आणि १९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या आतल्या नंबरांच्या रायफलींबद्दल लोक आजही जपून असतात ते म्हणून. माझ्या गार्डचा रंग चुकला तर कोणी मरणार नाही, पण उजेड बदलला की डोळा बदलतो, ते तेवढंच खरं.

आता पॉलिश. इथे हात सैल सोडला की पुढचं सगळं वाया. कापडी चाकावर धरलेला भाग लांबूनच ओळखू येतो. कडा गोल झालेल्या असतात, स्क्रूच्या भोकाच्या काठाला बशीसारखा खळगा पडलेला असतो. मी एमरी पेपर लाकडाच्या किंवा स्टीलच्या ठोकळ्यावर ताणून हातानंच घासते, आणि मूळ कारागिरानं ज्या दिशेनं घासलं त्याच दिशेनं. जुन्या गार्डवर भिंग धरलं की ती दिशा दिसते. कमानीवर लांबीच्या दिशेनं, शेपटीवरही तसंच. चांगल्या दुनळीच्या गार्डची उजवी कड बाहेरून थोडी जाड आणि गोलसर वळवलेली असते, उजव्या हाताचं बोट आत जाताना कापू नये म्हणून. तयार मिळणाऱ्या गार्डला ती नसते किंवा असून नसल्यासारखी असते. ती कानशीनं काढावी लागते. ही कड नसेल तर रंग कितीही जुळवा, ज्याचा हात त्या बंदुकीवर बसलाय त्याला बोट लावताच कळेल. ३२० ते ४०० नंबरच्या पेपरवर मी थांबते. त्याहून गुळगुळीत केलं तर गंज नीट धरत नाही.

मग तेलाचा अंश घालवायचा. ॲसिटोन, नंतर गरम पाणी आणि सोडा, आणि तिथून पुढे उघड्या बोटानं शिवायचं नाही. स्टील वूललाही कारखान्यातून तेल लावलेलंच असतं, म्हणून तेही ॲसिटोनमध्ये धुवून वाळवून घ्यायचं. हे फार कोणी सांगत नाही. भागावर मधेच लाल-पिवळे डाग राहिले की लोक द्रावणाला शिव्या घालतात.

गंज आणायचं द्रावण मी तयार घेते. जुन्या नुस्ख्यांच्या वह्यांत पाऱ्याचं क्लोराइड घातलेलं असतं. त्या वाटेला जाऊ नका. तयार द्रावणातही आम्ल असतंच, तेव्हा हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. आणि जवळपास लेथ, कानशी, मापाची हत्यारं ठेवू नका. आम्लाची वाफ कोणाचा भाग कोणता ते बघत नाही, सगळ्यांवर सारखाच गंज चढवते.

पहिला हात लावताना बोळा जवळजवळ कोरडा हवा. थेंब ओघळला की त्याची रेघ शेवटपर्यंत दिसते. एकदा पुसून गेलेल्या जागेवरून परत जायचं नाही. मग भाग ओलसर उबदार पेटीत टांगायचा. काही तासांनी काढला की त्यावर बारीक, मखमली, नारिंगी गंज आलेला असतो. तो सारखा आणि पातळ असला पाहिजे, खडबडीत नको. तो तसाच उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात सोडायचा. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन आणि क्षार डाग पाडतात. आणि इथे मी अजूनही दरवेळी वाकून बघते. पाण्यात गेल्यावर नारिंगी आधी मळकट होतो, मग कडेकडेनं काळा पडायला लागतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळा भाग काजळी धरल्यासारखा मखमली काळा. लाल गंजाचं मॅग्नेटाइट झालं. बाहेर काढला की स्वतःच्याच उष्णतेनं वाळतो. वरची सुटी काजळी बारीक तारेच्या मऊ ब्रशनं झाडून काढायची. ब्रश दाबायचा नाही, नुसता फिरवायचा. काजळीखाली जे राहतं ते पहिल्या वेळी अगदी फिकं राखाडी असतं. नवशिक्याला वाटतं की काही झालंच नाही. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर रंगात वजन येतं. सहा-आठ हात झाले की पुढे फार फरक पडत नाही. माझं ठरलेलं चिन्ह वेगळंच आहे. नव्या गार्डच्या शेपटीखालचा रंग जुन्या गार्डच्या स्क्रूखालच्या त्या टिकलीशी जुळला की थांबायचं.

काही जण तिसऱ्या हातालाच थांबतात, म्हणजे जुन्यासारखं पातळ दिसेल. वर म्हटलं तेच : ते सगळीकडे पातळ दिसतं.

शेवटच्या उकळीनंतर तेलात बुडवून एक दिवस तसाच ठेवायचा. आता आपल्याकडे एक सुंदर नवा गार्ड आहे. मालक या टप्प्यावर येऊन गेले तर म्हणतात, "अहो, किती छान झालाय, असाच ठेवा ना!" नाही.

झीज कुठे करायची हे मी आधी खडूनं काढून घेते, जुना गार्ड शेजारी ठेवून. बंदूक हातात लटकवून चालताना बोटं कमानीच्या पुढच्या बाहेरच्या वळणाला वेढतात, तिथे पोलाद पार उघडं पडलेलं. चाप ओढताना उजवं मधलं बोट कमानीच्या मागच्या बाजूला टेकतं. तिथे छोटासा लंबगोल तुकडा उघडा, पण तो उजव्या बाजूला जास्त. ही बंदूक उजव्या हाताच्या माणसानंच चालवली. शेपटीवर तळव्याचा घाम, तिथे रंग गेलेला नाही, तपकिरी झालाय. कमानीची आतली बाजू जवळजवळ नवी. कडा मात्र सगळीकडे चंदेरी, पण दोऱ्याएवढ्या बारीक.

घासायला मी जाड मऊ चामड्याची पट्टी वापरते, तेल आणि अगदी बारीक प्युमिसची पूड लावून. पट्टी बोटाला गुंडाळायची आणि हात जसा बंदुकीवर पडतो तसाच फिरवायचा. कमानीवरून आडवा, शेपटीवरून मागे. स्टील वूलनं लवकर होतं, पण ते रेघा पाडतं, आणि खऱ्या हातानं झिजलेल्या ठिकाणी रेघा नसतात. आधी कडा, मग टेकण्याच्या जागा, आणि सगळ्यांत शेवटी त्या जागांच्या भोवतालची धूसर हद्द. घाई होते ती या हद्दीत. उघडं पोलाद आणि काळा रंग यांच्यामध्ये बोटभर प्रदेश हवा, जिथे रंग आहे असंही म्हणवत नाही आणि नाही असंही नाही. मी मधेमधे गार्ड बंदुकीवर ठेवून हात-दोन हात लांबून बघते. जवळून बघत राहिलं की जास्त घासलं जातं.

आता उघड्या पडलेल्या जागा फारच लखलखतात. जुन्या बंदुकीवरचं उघडं पोलाद कधी लखलखत नाही, ते राखाडी आणि जरा मंद असतं. इथे कोल्ड ब्ल्यूचा खरा उपयोग. पाण्यानं खूप पातळ करून कापसाच्या काडीनं नुसता स्पर्श, लगेच धुवायचं आणि चामड्यानं परत मागे घासायचं. कोल्ड ब्ल्यूत सेलेनियम आणि तांब्याची संयुगं असतात. तो लोखंडाचा ऑक्साइड नाहीच, वर बसलेलं वेगळं काहीतरी आहे. म्हणून गंजापासून राखण म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही आणि तो लवकर पुसला जातो. वासही असा की दुसऱ्या दिवशी बोटांना येतो. सेलेनियम विषारी आहे, तेव्हा हातमोजे इथेही. पण ओरखड्याएवढ्या किंवा नखाएवढ्या जागेवर नुसती चमक मारायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

शेपटीवरचा तपकिरी कोल्ड ब्ल्यूनं येत नाही. त्यासाठी परत गंजाच्याच द्रावणाकडे जायचं. ते बरंच पातळ करून तेवढ्याच जागी लावायचं, गंज येऊ द्यायचा, पण या वेळी उकळायचं नाही. उकळलं तर तो काळा होणार. नुसता खरखरीत कापडानं पुसायचा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारायचं आणि तेल लावायचं. खालचा काळा आणि वरचा तांबूस मिळून तो पिकल्या जांभळाचा रंग उतरतो. एका वेळी थोडं. कमी झालं तर पुन्हा करता येतं, जास्त झालं तर परत सगळं मागे घासावं लागतं.

एक गोष्ट मी करत नाही. खड्डे. जुन्या बंदुकीवर गंजानं पडलेले बारीक खड्डे असतात आणि नव्या भागावर ते उठवायला काही जण कडक आम्ल किंवा ब्लीच वापरतात. खड्डा म्हणजे धातू गेला, तो परत येत नाही, आणि गार्डला उगाच रोग लावण्यात मला अर्थ वाटत नाही. आणि आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद खोलीत. कृपा करून नको.

स्क्रूंची गोष्ट निराळी आणि छोटी. त्यांची डोकी पुष्कळदा आगीवर निळी केलेली असतात. स्वच्छ घासलेला स्क्रू पितळेच्या भुशात उभा करून खालून हळू तापवायचा. २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या जवळ मोरपिशी निळा. तिथे उचलायचा, नाहीतर राखाडी होतो. हा रंग फार नाजूक, व्हिनेगरचा बोळा फिरवला की जातो. जुना करायचा तर तेच सोयीचं. फक्त हे स्क्रू आणि पिनांपुरतंच. स्प्रिंगा, ॲक्शनचे भाग, बोल्ट यांना अंदाजानं आग दाखवली की पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग रंगाचा प्रश्न उरतच नाही. आणि स्क्रू बसवताना खाच मूळच्या स्क्रूसारखी नळीच्या रेषेत आली पाहिजे. चांगल्या दुनळीत ती तशीच असते. आडवी खाच म्हणजे इथे कोणाचा तरी हात लागलाय अशी जाहिरातच.

मग हे सगळं फसवणूक नाही का, असं कोणी तरी विचारतंच. विचारावं. संग्राहकांच्या जगात मूळ रंग दहा टक्केच उरलेला असला तरी तो पूर्ण नव्या रंगापेक्षा मोलाचा, आणि जुन्या म्हणून विकलेल्या नव्या भागांमुळे तिथे पुष्कळ भांडणं झालेली आहेत. माझे नियम सरळ आहेत. मूळ भागाच्या मूळ पृष्ठभागाला मी हात लावत नाही. नव्याला जुन्याकडे नेते, जुन्याला नव्याकडे कधीच नाही. नंबर, शिक्के, प्रूफच्या (नळी चाचणीत टिकल्याच्या) खुणा यांच्या जवळपासही जात नाही. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याचीच बंदूक घेते, आणि टेबलावर येण्याआधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं स्वतः बघते. नव्या गार्डच्या शेपटीखाली, लाकडात दडणाऱ्या बाजूला, बदलल्याचं वर्ष कोरते. मोडका मूळ गार्ड पिशवीत घालून, काय काय केलं त्याच्या चिठ्ठीसकट, बंदुकीबरोबर परत देते. एकदा एकानं ते वर्ष कोरू नका म्हणून सुचवलं. काम परत पाठवलं.

हा गार्ड परवा बसवला. शेपटी लाकडात जरा घट्ट होती, ती गार्ड घासून नाही तर लाकडाच्या खाचेतला शंभर वर्षांचा वाळलेला तेलकट मळ काढून सैल केली. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून आलेलं ते रेनेसाँ वॅक्स मला तेलापेक्षा बरं वाटतं, लाकडात उतरत नाही. मालकांना एवढंच सांगितलंय की पहिले काही महिने दर पंधरा दिवसांनी शेपटीच्या कडेला आणि स्क्रूच्या भोवती पांढरा कपडा फिरवून बघा. तपकिरी लागला तर कुठेतरी आम्ल राहिलंय, लगेच घेऊन या. कपडा स्वच्छ निघत राहिला तर महिन्याला एकदा मेण पुरे.